चारही पाय जमिनीवर

आमचं कुत्रं माणसांच्या अंगावर उड्या मारतं, हे दोन वर्षं मी कौतुकानं सांगत होते. "काही करत नाही हो, लाडात येतं," असं मी दारातून ओरडायची, आणि तोवर त्यानं पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर दोन्ही पंजे उमटवलेले असायचे. पाहुणे हसायचे. ज्याच्या घरी गेलो त्याच्या कुत्र्याबद्दल आणि लेकराबद्दल त्याच्या तोंडावर खरं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. हे कुत्रं मुलानं हट्टानं आणलेलं, लॅब्राडोर, बिस्किटाच्या रंगाचं. पुढे मुलाला पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि कुत्रं आमच्याकडे राहिलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या गल्लीत त्याच नावाची आणखी तीन कुत्री आहेत आणि एका हाकेला चारही धावत येतात.

मी अमरावतीच्या राजापेठेत घरीच गणिताच्या शिकवण्या घेते. त्याआधी तीस वर्षं शाळेत गणितच शिकवलं. माझा आवाज मोठा आहे आणि कोणी ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. पन्नास पोरांचा वर्ग मी नुसत्या नजरेनं गप्प करत असे. घरातलं एक कुत्रं मात्र माझ्यासमोर सोफ्यावर चढायचं आणि मी चिडले की शेपूट हलवायचं. यजमान म्हणायचे, "ह्याला तुझी किंमत कळलेली दिसते."

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण गेल्या हिवाळ्यात बाबा पडले.

बाबा अकोल्याला असतात. आई गेल्यापासून एकटेच. मला भाऊ नाही, बहीण नाही. मूर्तिजापूरकडे त्यांची थोडी काळी जमीन आहे, ती दुसऱ्याला कसायला दिलेली. दरवर्षी घरापुरती ज्वारी आणि तूर येते. एकोणऐंशी वर्षांचा हा माणूस स्वतःची भाजी स्वतः आणायचा. डिसेंबरात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हातात वॉकर आला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हाड जुळेल. पण पुन्हा पडले तर उभे राहतील याची खात्री मी देणार नाही."

मी तिथेच ठरवून टाकलं: बाबा आता अमरावतीला, आमच्याकडे. तसं मी त्यांना सांगितलंसुद्धा. विचारलं नाही, सांगितलं. ते वॉकरच्या रबरी बुडाकडे बघत म्हणाले, "तुह्या घरी थे कुत्रं हाय न. मले पाडन थे."

ते खरं होतं. दिवाळीत ते आले तेव्हा कुत्र्यानं त्यांच्या छातीवर पंजे ठेवले होते आणि ते मागच्या दिवाणावर धपकन बसले होते. दिवाण होता म्हणून निभावलं. जुन्या माणसांना लेकीच्या घरी राहणं कमीपणाचं वाटतं, हे मला ठाऊक होतं. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी त्यांची पिशवी भरलेली असते. पण बाबांनी ते कारण सांगितलंच नाही. त्यांनी कुत्र्याचं कारण सांगितलं, आणि कुत्र्यावर इलाज असतो. मला उलट हायसं वाटलं.

त्यांच्याजवळ दिवसरात्र राहणारी एक बाई मिळाली. पण तिनं आधीच बजावलं होतं की गुढीपाडव्यापासून तीन महिने ती लेकीच्या बाळंतपणासाठी जाणार. म्हणजे माझ्या हातात पाडव्यापर्यंतचा वेळ होता. तोवर कुत्रं शिकलं नाही, तर एक तर कुत्रं जाणार किंवा बाबा एकटे राहणार. दुसरं मला चालणार नव्हतं. आणि पहिलं चालेल असं मी मुलाला फोनवर म्हणाले, तेव्हा तो इतका वेळ गप्प राहिला की मीच विषय बदलला.

कुत्र्याला शिकवणारा माणूस शोधायला निघाले तर ज्याला विचारावं तो एकच म्हण ऐकवी: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. प्राण्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानातून एकाचा नंबर मिळाला. घट्ट टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, तोंडात सगळं इंग्रजी. त्यानं 'सिट' म्हटलं की आमचं कुत्रं बसायचं, 'स्टे' म्हटलं की थांबायचं. मी थक्क. तो म्हणाला, पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा, नवीन कुत्रं घेऊन जा. ठेवलं. पंधरा दिवसांनी आणलं, तर ते दारातच माझ्या अंगावर असं झेपावलं की माझा चष्मा अंगणात. फोन केला तर तो म्हणतो, "मॅडम, माझ्याकडे तर एकदम ऐकतो."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं आईबाप माझ्याकडे येऊन हेच उलट्या बाजूनं सांगतात: तुमच्याकडे ऐकतो हो, घरी ऐकत नाही. आणि मी त्यांना तोऱ्यात सांगते की घरी कोणीतरी त्याला अभ्यासाला बसवायला हवं. मी फोन ठेवला.

हवालदारांचा पत्ता मला आमच्या भाजीवालीनं दिला. ते पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले. बडनेऱ्याच्या बाजूला राहायचे. धंदा म्हणून कुत्री शिकवत नव्हते. कोणी फारच अडलेलं असलं तर यायचे. मी फोनवर बाबांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या येतो. मी येईन तवा घरात रोजच्यावानी राहाजा. माह्यासाठी काई वेगळं करू नोका."

ते आले, खुर्चीत बसले आणि तासभर काहीच केलं नाही. कुत्र्याला हातही लावला नाही. दरम्यान दूधवाला आला, धुण्याभांड्याची बाई आली, माझी चारची बॅच आली. प्रत्येक वेळी कुत्र्यानं उड्या मारल्या, प्रत्येक वेळी आम्ही "ए, नाही, नाही, खाली, अरे नाही!" असा गलका केला. हवालदारांनी चहा संपवला आणि म्हणाले, "मॅडम, हे कुत्रं बिघडेल नाई. हे शिकेल हाय. तुमीच शिकवलं त्याले."

मी म्हटलं, "मी काय शिकवलं?"

"तुमच्या घरी मानूस आला का तुमी समदे धावत दारात जाता. याऽ, या, बसा, चहा घ्या, कवा आले, काहून उशीर केला! थे पाहून राहिलं दोन वर्सापासून. त्याले वाटते, ह्या घराचा रिवाजच असा हाय. थे पाहुनचार करून राहिलं."

मला हसू आलं, रागही आला. पण माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्या वऱ्हाडात दारात आलेल्या माणसाचं स्वागत हळू आवाजात करत नाहीत. हळू आवाजात केलं तर तो समजतो की आपलं येणं आवडलेलं नाही.

त्यांचा नियम एकच होता: चारही पाय जमिनीवर. चारही पाय जमिनीवर असतील तर कुत्र्याला हात, घास, शाबासकी, सगळं. एक पंजा जरी वर आला तर घरातल्या प्रत्येकानं पाठ फिरवायची. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. "तुमचं ओरडनं त्याले गोडच लागते," ते म्हणाले. "आमी नवीन होतो तवा पट्टा हासडत होतो, काठी दाखवत होतो. त्यानं कुत्रं भेते, शिकत नाई. भेल्लेलं कुत्रं तुमी नसले का मंग तेच करते." आणि दुसरं म्हणजे, घरात येणाऱ्या माणसानंही तेच केलं पाहिजे. एकानं जरी लाड केला तर सगळ्यांची मेहनत पाण्यात.

मग आमच्या घरात जो तमाशा सुरू झाला तो काय सांगू! दूधवाला दारात आला की मी, यजमान आणि धुण्याभांड्याची बाई, तिघं त्याच्याकडे आणि कुत्र्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे. तिसऱ्या दिवशी तो बिचारा म्हणाला, "ताई, काई चुकलं का माह्यं? दूध पातळ लागते का?" शेजारच्या काकू संक्रांतीचं वाण घेऊन आल्या आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्या पंधरा दिवस बोलल्या नाहीत. आपल्याकडे पाहुण्याला पाठ दाखवण्यासारखा अपमान नाही आणि मी तो महिनाभर घाऊक भावात केला. शेवटी दारावर पुठ्ठा लावला: 'कुत्र्याचं शिक्षण चालू आहे. राग मानू नये.' त्याखाली दहावीच्या कोणीतरी पेनानं लिहिलं, 'आमचंपण.'

पण कुत्रं शिकू लागलं. पहिल्यांदा ते गोंधळलं. उडी मारावी तर माणसं एकदम झाडं होतात, खाली बसावं तर घास मिळतो. आठव्या की नवव्या दिवशी दूधवाला आला तेव्हा कुत्र्यानं पुढचे पाय उचलले, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली टेकले. मी इतकी आनंदले की ओरडणारच होते. हवालदारांनी बोट ओठांवर ठेवलं.

मग वॉकरचा धडा. हवालदारांनी मला बाबांचा वापरलेला, न धुतलेला सदरा आणायला सांगितला. मी अकोल्याहून आणला. इथे भाड्यानं एक वॉकर आणला. तो सदरा घालून, वॉकर टेकत टेकत यजमान रोज संध्याकाळी बैठकीतून स्वयंपाकघरात आणि परत अशा फेऱ्या मारायचे, आणि टकटक आवाज आला की कुत्र्यानं भिंतीशी टाकलेल्या गोणपाटावर जाऊन बसायचं, हे त्याला शिकवायचं. यजमान बँकेतून निवृत्त झालेले, सरळमार्गी माणूस. "माझ्या सासऱ्यांची भूमिका मला जन्मात कोणी दिली नसती," म्हणायचे, पण एक दिवस चुकवला नाही. शिकवणी सुटली की तीस पोरं एकदम रस्त्यावर सांडतात, गाड्या सुरू होतात, आरडाओरडा होतो. त्या गर्दीतही मी त्याला फाटकाशी बसवू लागले. आधी दहा आकडे मोजेपर्यंत, मग पन्नास, मग शंभर. गणिताच्या बाईला आकडे मोजायला काय!

दर रविवारी मी अकोल्याला जायची आणि बाबांना प्रगती सांगायची. ते शांतपणे ऐकायचे आणि एक नवी शंका काढायचे. अंगावर नाही येणार, पण पायात आलं तर? मी हवालदारांना सांगे. ते कुत्र्याला वॉकरपासून चार हात दूर चालायला शिकवत. बरं, पायात नाही आलं, पण मी जेवायला बसलो आणि ताटात तोंड घातलं तर? तेही शिकवलं. आणि भुंकलं तर? मी दचकतो. तेही. पाचव्या की सहाव्या शंकेला हवालदारांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "मॅडम, तुमचे बाबा कुत्र्याची परीक्षा घेऊन राहिले, का तुमची?" म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला भीती बसते हो. ते कुत्र्याकडे वळले. आज आठवलं की वाटतं, माणूस सांगत होता आणि मला ऐकायचं नव्हतं. मला फक्त उत्तर जुळवायचं होतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही बाबांना आणलं. सोबत एक पोतं ज्वारी, पाच पायल्या तुरीची डाळ आणि त्यांचा पितळी तांब्या. "एवढं कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "माही ज्वारी हाय. मले तेच पचते." फाटक उघडलं. वॉकर अंगणात टेकला. कुत्र्यानं कान उभे केले, अंग थरथरलं, आणि ते जाऊन गोणपाटावर बसलं. बाबा टकटक करत त्याच्यासमोरून गेले. ते जागचं हललं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा वळले आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "शिकलं बा," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा उतरल्यासारखा वाटला. मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल.

तो महिना माझ्या मते फार सुखाचा गेला. मी बाबांचं वेळापत्रक आखलं. साडेसहाला चहा, आठला व्यायाम, अकराला जेवण, दुपारी झोप, पाचला अंगणात वीस फेऱ्या. ते सगळं करायचे. कधी नाही म्हणाले नाहीत. "भाजीत तिखट कमी घातलंय, चालेल न?" "चालते." "पंखा हळू करू?" "चालते." मी शेजारच्या काकूंना सांगायची, बाबा इतके शहाण्यासारखे वागतात की मला काही त्रासच नाही.

मग वैशाखात कुत्रं पुन्हा बिघडलं. सगळ्यांवर नाही. दूधवाला आला तरी ते बसायचं, पोरं सुटली तरी बसायचं. पण बाबा दिसले की ते गोणपाटावरून उठायचं, कुईकुई करायचं आणि पुढचे पाय उचलायचं. एकदा त्यानं वॉकरच्या दांडीवर पंजा ठेवला.  बाबा अगदी शांत होते. म्हणाले, "मी म्हटलंच होतं न तुले. जनावर हाय शेवटी."

हवालदारांना पुन्हा बोलावलं. ते बसले, पाहिलं, बाबांशी पीकपाण्याच्या गप्पा मारल्या, चहा घेतला. जाताना फाटकाशी मला म्हणाले, "कुत्रं काई इसरलं नाई. कोनीतरी त्याले दुसरं शिकवून राहिलं."

मी घरात आले आणि यजमानांवर तुटून पडले. तुम्हीच लपूनछपून खायला घालता, तुम्हाला शिस्त कशाशी खातात माहीत नाही, तीन महिन्यांची मेहनत मातीत घातली वगैरे. ते शपथा घेऊ लागले. बाबा दिवाणावर बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आपल्यामुळे भांडण झालं म्हणून त्यांना वाईट वाटतंय.

दोन दिवसांनी भर दुपारी शिकवणी चालू असताना लाइट गेली. बेचाळीसच्या वर पारा, बंद खोलीत पोरं घामानं निथळू लागली. मी अर्ध्यातच बॅच सोडली आणि पाणी प्यायला आत गेले. मागच्या ओसरीवर बाबा लाकडी खाटेवर बसले होते. वॉकर बाजूला ठेवलेला. एका हातात भाकरीचा तुकडा छातीपाशी धरलेला आणि दुसऱ्या हातानं ते छातीवर थोपटत होते. "ये. ये बा. घे." समोर कुत्रं बसलेलं. ते भाकरीकडे बघे, बाबांच्या चेहऱ्याकडे बघे, आणि चारही पाय जमिनीवर घट्ट रोवून बसे. बाबांनी घाई केली नाही. पुन्हा थोपटलं. "ये. काई नाई म्हनत तुले." शेवटी ते उठलं आणि त्यानं दोन्ही पंजे अलगद त्यांच्या गुडघ्यांवर ठेवले. बाबांनी घास दिला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर मजा नव्हती. एखादं काम नेटानं पार पाडावं तसा चेहरा होता.

मी ओरडले. माझा आवाज मला नको तेव्हा आधी पोचतो. "बाबा! काय करून राहिले तुमी हे?"

ते दचकले आणि म्हणाले, "मी माही भाकर देतो त्याले. माह्या ज्वारीची हाय. तुह्या घरची नाई."

"भाकरीचं नाही विचारून राहिली मी! ते अंगावर आलं अन् तुमी पडले तं?"

"मी बसून देतो. उभा राहून देत नाई. मले समजते."

"मंग देताच काहून?"

 कुत्रं आम्हा दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होतं. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकले.  बाबा म्हणाले, "थे उड्या मारत असतं तं तूच म्हटलं असतं, बाबा, तुमी अकोल्याले जा. मले म्हना लागलं नसतं."

"अन् सरळ काहून नाई सांगतलं मले?"

"सांगतलं असतं तं तू आयकलं असतं?"

 तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की उत्तर येत नसेल तर रीत तरी लिहा. मला रीतही सुचेना.

मग ते हळूहळू बोलले. "तू लय करतं माय. जावयबापूही लय चांगले. कोनाचीच खोट नाई. पन मी इथं पाहुना. तुही माय अन् मी, आमी कवा लेकीच्या दारी तिसरा दिवस नाई काढला. आता मले रोज सकाळी वाटते, आज तं जा लागते आपल्याले. अन् मंग ध्यानात येते, कुठी जातो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन महिन्यांत पाहून न पाहिलेलं सगळं एकदम दिसू लागलं. ते सकाळी सहालाच आपल्या चादरीची घडी घालून उशाशी ठेवायचे, पाहुणे ठेवतात तशी. कूलर लावायचा तर विचारायचे. पाणी एकदा मागितलं आणि मी शिकवणीत असले तर दुसऱ्यांदा मागायचे नाहीत. अकोल्यात दोन भाकरी खाणारा माणूस इथे दीडवर हात धुवायचा, आणि मी खूश व्हायची की पथ्य पाळतात. बस म्हटलं की बसायचे, झोपा म्हटलं की झोपायचे, चला म्हटलं की वीस फेऱ्या मारायचे. मी शाबासकीसुद्धा देत होते. आमच्या घरात सगळ्यात चांगलं शिकलेलं जनावर माझा बाप झाला होता आणि त्याला मी शिकवलं होतं. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

त्या दुपारी मी त्यांच्यासमोर रडले. मोठी झाल्यावर पहिल्यांदाच. "पुन्हा पडले तं बाबा?" एवढंच म्हणू शकले.

ते म्हणाले, "पडन. पन आपल्या घरी पडन."

मला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पटलेलं नाही. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानातून जात नाहीत. यजमान म्हणाले, जाऊ दे त्यांना. मी तीन दिवस त्यांच्याशीही बोलले नाही. मग अकोल्याला फोन करून त्या बाईला विचारलं. तिची लेक बाळंत झाली होती, ज्येष्ठात ती परत यायला तयार होती. मिस्त्री बोलावून बाबांच्या न्हाणीघरात दोन्ही भिंतींना दांड्या बसवून घेतल्या, फरशी खडबडीत केली, उंबरा काढला. हवालदारांना सांगितलं. ते म्हणाले, "कुत्रं पास झालं मॅडम. मानसानं भाकर दाखवली तरी पयल्यांदा बसूनच राहिलं, पाह्यलं न तुमी?" माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

ज्येष्ठात बाबांना सोडायला गेले. गाडीत ते मूर्तिजापूरपर्यंत गप्प होते. नंतर रस्त्याकडेची शेतं बघत कोणी वखरणी केली, कोणाची राहिली, ते सांगू लागले. घरी पोचलो तेव्हा ती बाई ओट्यावर वाट बघत होती, पण कुलूप बाबांनीच उघडलं. मी किल्ली घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांब." वॉकर टेकत आत गेले, आपल्या खुर्चीत बसले, आणि मागोमाग आत आलेल्या बाईवर असे कडाडले की मी दारातच उभी राहिले. "अवो बाई, लेक आली माही, तिले पानी द्यान का नाई? अन् भाकरी टाका. ह्या घरातून कोनी उपाशी जात नाई." मग माझ्याकडे वळून, "तू काहून उभी? पाय धू. जेवल्याबिगर जाचं नाई. अन् गाडी सावलीत लाव, कितीक खेपा सांगू तुले?"

इतका मोठा आवाज! माझा आवाज कोणावर गेलाय ते मला तेव्हा आठवलं. दोन महिन्यांत माझ्या घरी तो एकदाही ऐकू आला नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी गाडी सावलीत लावली, पाय धुतले, जेवायला बसले. त्यांनी मला तिसरी भाकरी बळेबळे वाढायला लावली आणि स्वतः दोन खाल्ल्या.

आता रोज सकाळी सातला मी फोन करते. चार-पाच वेळा वाजूनही उचलला नाही की मी खुर्चीतून उठून उभी राहते. न्हाणीघर, ओली फरशी, दांडीवरून सुटलेला हात, सगळं डोळ्यांपुढे येतं. मग खडखड आवाज होतो आणि ते ओरडतात, "अवं, किती फोन करून राहिली? वॉकर घेऊन येऊ देशीन का नाई मानसाले?"

मी म्हणते, ओरडा बाबा, ओरडा.